अक्षरदेवाच्या पाठीमागची तार

जोगेश्वरीच्या त्या हॉलात सकाळी मुंगीला शिरायला जागा नसे. अक्षरदेवाच्या मूर्तीच्या छातीवर एक काळी पाटी होती. भक्तानं नाव आणि अडचण मोठ्यानं सांगायची, की पाटीवर लाल दिव्यांची अक्षरं एकामागून एक उमटत. जवळपास कुणाचा हातही नसे. १९८७ साल होतं. असली पाटी लोकांनी कुठं पाहिली होती?

"लिहिणारा हात दिसत नाही, कारण हातच नाही!" मूर्तीशेजारी बसलेले श्यामसुंदर महाराज गर्जत. "वैकुंठातून निघालेलं अक्षर आहे हे, थेट उतरतं!"

बाया दंडवत घालत. सुहासिनी त्या धुपाच्या धुरात भिंतीशी उभी होती. अंधेरीच्या एका कारखान्यात ती इलेक्ट्रॉनिक वजनकाटे प्रिंटरला जोडून तपासायची. असल्या ठिकाणी ती फिरकत नसे. आली ती शेजारच्या सरूबाईमुळे. वर्सोव्याच्या या मासळीवालीची सून, माणिक, क्षयानं आजारी होती. औषधांना गुण येत होता, तोच पाटीनं लिहिलं, 'गोळ्या बंद. अंगारा लाव.' दीड महिना गोळ्या फडताळात पडून होत्या. परवा माणिकच्या खोकल्यातून रक्त पडलं.

"मावशी, डॉक्टरला सोडून पाटीचं ऐकलंस?" सुहासिनीनं तिला विचारलं होतं.

"देवानं लिव्हलं गं. माझ्या डोळ्यांदेखत! माणूस खोटं बोलंल, देव कशाला बोलंल?"

काल सुहासिनी तिच्याबरोबर येऊन पाहून गेली होती. कुणीतरी मोठा पंखा लावला आणि पाटीवर 'कृपा'च्या जागी भलतंच चिन्ह उमटलं. ती चमकली. कारखान्यात तार मोटारीजवळून गेली की प्रिंटरही असंच भलतं छापी. वैकुंठाच्या अक्षराला पंख्याची बाधा होते?

म्हणून आज ती सरूबाईला घेऊन पुन्हा आली, आणि तिच्या पिशवीत कारखान्यातलं तपासणीचं खोकं होतं; ते तारेतला संदेश वाचून साठवी आणि बटण दाबलं की पुन्हा पाठवी. प्रदक्षिणेची वाट मूर्तीच्या मागून जाई. तिथं लाल कापडाखाली तिला हवं ते सापडलं: तीन तारांची जोडणी, एक टोक पाटीकडे, दुसरं भिंतीच्या भोकातून पलीकडच्या खोलीत. तिनं खोकं जोडलं. संदेशाचा वेग जुळेना, चूक दाखवणारा दिवा लागला. दुसरा वेग, पुन्हा दिवा. तिसऱ्या वेगाला दिवा विझला.

तेवढ्यात समोर एक म्हातारी दम्याचं गाऱ्हाणं सांगू लागली. तारेतून संदेश आला आणि पाटीवर उमटला, 'गोळ्या बंद. अंगारा लाव.' तोच संदेश खोक्यानंही साठवून ठेवला. सुहासिनीनं खोलीकडची तार उपटली.

पुढचा भक्त म्हणाला, "मी शिवदास. कचेरीत बढती अडली आहे, महाराज."

सुहासिनीनं खोक्याचं बटण दाबलं. पाटीवर पुन्हा तेच उमटलं, 'गोळ्या बंद. अंगारा लाव.'

महाराज क्षणभर गडबडले. "वत्सा, अहंकाराच्या गोळ्या! त्या बंद कर!"

मग एका बाईनं मुलीचं लग्न जमत नसल्याचं सांगितलं. 'गोळ्या बंद. अंगारा लाव.'

"हुंड्याच्या गोळ्या..." महाराज अडखळले. लोक हसू लागले. एक सेवेकरी मूर्तीमागं धावला, पण सरूबाई कमरेवर हात ठेवून वाटेत उभी राहिली. "बाईमाणसाला हात लावून तर बघ!"

सुहासिनीनं कापड ओढून टाकलं. तार कुठं जाते ते पाहून शिवदासनं पलीकडच्या खोलीचं दार ढकललं. आत एक माणूस नुसत्या बनियनमध्ये बसून यंत्राच्या कळा दाबत होता, पुढ्यात अर्धा वडापाव. भिंतीच्या झरोक्यातून त्याला हॉलातलं सगळं ऐकू येई.

"हे तुमचं वैकुंठ," सुहासिनी म्हणाली. तिनं यंत्राकडं बोट दाखवलं. "पाटीत एक छोटी चिप आहे. हा कळ दाबतो, तिचा आकडा तारेतून एकेक ठोका करत जातो, चिप त्याचं अक्षर करते. दोन्हीकडचा वेग सारखा हवा, बस्स. माझा काटा रोज प्रिंटरला हेच सांगतो. फरक एवढाच, की तो वजन खरं सांगतो."

महाराज तोवर मागच्या दारानं पसार झाले होते. सरूबाईनं पाटीकडं पाहिलं आणि अंगाऱ्याची पुडी पायाखाली चुरडली. "दीड महिना, सुहास. माझ्या हातानं मी गोळ्या बंद केल्या गं."

त्याच दुपारी माणिकला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी तिची छाती तपासली. मग त्यांनी इंजेक्शनांसकट उपचार पहिल्यापासून सुरू केले. ती वाचली, पण एक फुप्फुस कायमचं अधू झालं.

आणि हॉलात? तार उपटलेल्या काळ्या पाटीला त्या संध्याकाळीही काहीजण हात जोडून गेले. त्यांच्यासाठीच हे लिहिलं आहे. यंत्र वाईट नाही, ते सांगितलेलं करतं. नवं काही दिसलं की आधी विचारा, याला सांगतंय कोण? तार कुठं जाते ते जाऊन पाहा. आणि डॉक्टरची गोळी कुठल्याही पाटीच्या शब्दावर बंद करू नका.