डब्याच्या तळाची चवळी

मी एक जुनी चवळी आहे. किती जुनी ते विचारू नका. माझ्याबरोबर शेंगेतून निघालेल्या बहिणी कधीच कुणाच्या तरी अंगी लागल्या. मी मात्र तीन वर्षे एका पत्र्याच्या डब्याच्या तळाशी पडून होते. मित्रांनो, नुसते पडून राहण्याचाही थकवा येतो.

उन्हात वाळून, मळून, चाळून मी या घरी आले. घरात सासरे आणि सून असे दोघेच राहतात. मुलगा नोकरीला परगावी. सासरे पूर्वी घड्याळे दुरुस्त करायचे, आता स्वयंपाक करतात. नवी चवळी आणली की ते ती डब्यात वरून ओततात आणि वरचीच काढून शिजवतात. झाकण उघडले की पहिल्या वर्षी मला आशा वाटायची. पुढे तीही सोडून दिली.

यंदा सुनेला सातवा महिना लागला. डॉक्टरीणबाई सासऱ्यांना म्हणाल्या, "हिचं रक्त फार कमी आहे. गोळ्या चुकवू नका, आणि रोज कडधान्य द्या, वर लिंबू पिळा." आमच्यात प्रथिने असतात, लोह असते, आणि लिंबामुळे ते लोह अंगी लागते. सासरे लगेच किलोभर चवळी घेऊन आले. डब्यात मावेना म्हणून त्यांनी डबा गदागदा हलवला. तळाच्या आम्ही वर आलो.

त्या दिवशी नव्या-जुन्या एकत्रच शिजल्या. नव्यांचा गाळ झाला आणि जुन्या खड्यासारख्या राहिल्या. सुनेला आधीच अन्न जात नव्हते. ते खाऊन ती दुपारभर पोट धरून बसली.

"बाबा, उद्यापासून चवळी नको. नावसुद्धा काढू नका."

डब्यात मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. जिला आमची गरज होती, तिलाच आम्ही नकोशा झालो.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी सगळा डबा वर्तमानपत्रावर ओतला, डोळ्याला घड्याळ दुरुस्तीचे भिंग लावले आणि एकेक दाणा निवडला. पिवळट, सुरकुतलेल्या आम्ही बाजूला पडलो. नव्या त्यांनी भिजवल्या, पाणी बदलले आणि बोटाने दाबून बघत शिजवल्या.

"एकच घास बघ. बोचली तर ताट मी उचलतो."

तिने एक घास खाल्ला. थांबली. मग वाटी संपवली.

तेव्हापासून ती नव्या खाते, आणि सासरे जुन्या शिजवून स्वयंपाकघरात उभ्याने खातात.

काल तिने आतून विचारले, "बाबा, काय कडकड वाजतंय?"

"काही नाही गं. तू जेव."

मित्रांनो, नवे धान्य आणाल तेव्हा आधी डबा रिकामा करा, जुने संपवा, मगच नवे भरा. आम्हाला वेळेवर खा, एवढेच मागणे आहे.

आता आम्ही मूठभर उरलो आहोत. सकाळपासून पाण्यात आहोत. सुरकुती काही सुटत नाही, आणि मी फार थकले आहे. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडात चारच दाढा आहेत, म्हणून अजून पाणी पिते आहे.