दाराखालची पाचर

मी एक जुनी लाकडी पाचर आहे, मित्रांनो. दार उघडं राहावं म्हणून खाली सरकवतात ना, ती. टेबलाचा पाय कापताना उरलेल्या तुकड्यातून सुताराने मला तासलं आणि जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमधल्या सामानाच्या खोलीला दिलं. त्या दाराला स्प्रिंग आहे. मी नसले की ते आपोआप लागतं. खोलीत मुलं असली की दार उघडंच ठेवायचं, असा क्लबचा नियम. तो मी वर्षानुवर्षं पाळला. कौतुक मात्र भिंतीवरच्या ढालींचं!

मग नवे सर आले. मुलं पदकं आणू लागली, पालक खूश. सराव संपला की सर एका मुलीला त्या खोलीत थांबवून घ्यायचे आणि मला बुटाने उडवायचे. दार लागायचं. बाहेर पालक, सेक्रेटरी, सगळ्यांची ये-जा चालू. एकाने तरी दार ठोठावावं? छे! एका आजोबांनी मला उचललं, ते पायात येते म्हणून. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"बाबा, मला नाही यायचं इथे," एकदा ती रडवेली होऊन म्हणाली.

"सर कडक आहेत, म्हणून तर तू जिंकतेस," असं म्हणून बाबा निघून गेले. कारण विचारलंच नाही त्यांनी.

एके दिवशी सरांनी हाक मारायच्या आत तिने मला उचललं आणि न्यायला आलेल्या मावशीच्या हातात दिलं.

"हे काय गं?"

"त्या दाराचं आहे. सर हे काढतात, दार लावतात आणि मला नको तिथे हात लावतात. कुणाला सांगितलंस तर टीममधून काढीन म्हणतात."

मावशी तिथेच पायरीवर बसली. "तुझं काही चुकलं नाही, बाळा. बरं केलंस सांगितलंस. आता मी बघते."

तिने मला सेक्रेटरींच्या टेबलावर आपटलं.

"अहो, जरा सबुरीने घ्या, क्लबचं नाव..."

"नाव तुम्ही सांभाळत बसा. मी पोलिसांत चालले."

सर आता हॉलमध्ये येत नाहीत. चौकशी चालू आहे. तिचं ऐकून आणखी दोघी मुलीही बोलल्या.

मित्रांनो, असं कुणी वागलं तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. त्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा. आणि मोठ्यांनो, मी लाकूड, मला तोंड नाही. तुम्हाला होतं की!

ती मुलगी अजून येते. सरावाआधी मला दाराखाली सरकवते आणि वरून टाचेने दणका देते. लागतं मला. लागू दे.