दोन घरांचा बोका

शकुन मोडकनं त्या बोक्याला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, आणि पाहताक्षणी तिच्या लक्षात आलं की याच्या चालण्यात काहीतरी चुकतंय. नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत तिची उभी हयात पी.टी. शिकवण्यात गेली होती. कुठली मुलगी बूट चावतो म्हणून लंगडतेय आणि कुठली तास बुडवायला, हे तिला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून कळायचं. नवऱ्याची, दिगंबररावांची, बँकेतून कोलकात्याला बदली झाली तेव्हा तिनं शाळा सोडली आणि दोघं सॉल्ट लेकमधल्या एका चार मजली इमारतीत राहायला आले. शाळा सुटली तरी नजर काही सुटली नव्हती.

बोका पार्किंगमधल्या गाड्यांच्या कडेकडेनं चालला होता. मांजर चालतं ते पंजांवर, टाचा वर उचलून. हा मात्र मागचे दोन्ही पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवत, सशासारखा थपथप करत चालला होता.

"गाडीनं उडवलं असेल त्याला," वॉचमन हिंदीत म्हणाला.

"गाडीनं उडवलं तर एखादा पाय जाईल. दोन्ही पाय अगदी सारखे कसे अधू होतील?"

वॉचमननं एवढंच सांगितलं की याला सगळे हुलो म्हणतात. बंगालीत बोक्याला हुलोच म्हणतात, तेव्हा ते नाव म्हणावं तर नाव, नाहीतर नुसतीच जात.

पुढचे काही दिवस शकुननं त्याच्यावर पाळत ठेवली. एसीचं पाणी पडायचं त्या बादलीत तो तोंड घालायचा तो काढायचाच नाही. मिळेल ते अधाशासारखं खायचा, तरी पाठीचा मणका न् मणका मोजता यावा इतका वाळला होता. एका सकाळी तिनं धुण्याच्या बास्केटमध्ये जुना टॉवेल अंथरला, हुलोला मानेखाली हात घालून उचलला, आत बसवला, वरून ओढणी बांधली आणि ऑटोत बसली. ऑटोवाला कुरकुरला. शकुननं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यानं ऑटो सुरू केली.

प्राण्यांच्या डॉक्टर सेनगुप्ता तिच्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी हुलोच्या कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काढला, लघवीही तपासली. मग हात धुऊन समोर येऊन बसल्या.

"डायबेटिस आहे. पायांतल्या नसांवर परिणाम झालाय, म्हणून असा चालतो. साखर आटोक्यात आली तर पाय सुधारू शकतात. पण सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचावं लागेल. आधी खायला घालायचं, मग इंजेक्शन. रविवार नाही, सण नाही, पूजा नाही. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही."

"मुलींना रोज सकाळी सातला मैदानावर उभं करत होते मी," शकुन म्हणाली. "हा तर एकटाच आहे. शिकवा मला."

दिगंबरराव घरी आले तर त्यांच्या खुर्चीत बोका बसलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि नेमकं दुखतं तिथं बोट ठेवलं. "पुढच्या हिवाळ्यात आपली इथली मुदत संपते. तेव्हा याचं काय करणार आहेस?"

"पुढच्या हिवाळ्यापर्यंत जगला तर विचार करू. अहो, तुमची खुर्ची तेवढी आज त्याला राहू दे."

इंजेक्शन देणं बघणाऱ्यालाच अवघड वाटतं. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरायची, तंबूसारखी वर उचलायची आणि त्या तंबूच्या तळाशी सुई सरकवायची. सुई केसासारखी बारीक. हुलो उकडलेल्या माशावर ताव मारण्यात इतका गुंग असायचा की त्याला पत्ताही लागायचा नाही. आठवड्याभरात ती सुई टोचता टोचता दिगंबररावांना चहाचं आधण ठेवायला सांगू लागली.

तरीही साखर उतरेना. घरी आणलेल्या मीटरवर सकाळी जरा बरी दिसायची, संध्याकाळी पुन्हा चढलेली. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी तेच. खाण्यात भात नव्हता, दूध नव्हतं, नुसतं उकडलेलं चिकन आणि मासे. शकुन विचारात पडली. दुपारी हुलोला तास-दोन तास खाली उन्हात सोडायची तिची पद्धत होती. एका दुपारी ती त्याच्या मागोमाग जिना उतरली.

तळमजल्यावर मित्रबाबू राहायचे. निवृत्त इंजिनिअर, सत्तरी ओलांडलेले, एकटे. जिन्यात भेटले की हात जोडायचे, त्यापलीकडे कधी बोलणं झालं नव्हतं. त्यांच्या खिडकीत हुलो पुढचे पंजे टेकवून उभा होता आणि मित्रबाबू गजांतून त्याला संदेश, ती छेन्याची बंगाली मिठाई, भरवत होते. एक संपला, त्यांनी दुसरा कुस्करायला घेतला.

"मित्रबाबू, त्याला साखरेचा आजार आहे," शकुन हिंदीत म्हणाली.

म्हातारा दचकला, पण हात मागे घेतला नाही. "माहीत आहे. तुम्ही त्याला सुया टोचता तेही माहीत आहे. सगळी बिल्डिंग बोलते. बिचाऱ्याला तुम्ही रोज सुया टोचायच्या आणि मी प्रेमानं दोन घास दिले तर ते वाईट?"

शकुनच्या ओठावर चांगलं खणखणीत उत्तर आलं होतं. पण हुलो त्या खिडकीशी ज्या सवयीनं उभा होता ती तिनं पाहिली आणि उत्तर गिळून विचारलं, "हा तुमचा आहे का?"

कुस्करायला घेतलेला संदेश मित्रबाबूंनी वाटीत ठेवला. मग दार उघडून तिला आत बसवलं, हुलोही मागोमाग आला. हुलो त्यांच्या बायकोचा. बागबाजारच्या घाटावर त्याला पोत्यात बांधून कोणीतरी टाकलं होतं, तिनं पोतं सोडवून पदरात घालून आणला. ती गेल्यावर हुलो घरभर लघवी करायला लागला, गादीवर, पुस्तकांवर, कुठेही. बंगळुरूहून मुलगी आली होती, तिनं त्याला बाहेर ठेवला. मित्रबाबू नको म्हणाले नाहीत. त्या दिवसांत त्यांना कशालाच नको म्हणायचं बळ नव्हतं.

"तो आजारामुळे करत होता," शकुन म्हणाली. "साखर वाढली की फार पाणी प्यावं लागतं, मग तसं होतं. तो हट्ट करत नव्हता, आणि तुम्हालाही कळायचा काही मार्ग नव्हता."

मित्रबाबूंनी संदेशची वाटी बाजूला सारली. बराच वेळ ते हुलोच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

सहानुभूतीची पाळी संपली की कामाची पाळी सुरू होते, हा शकुनचा शाळेतला शिरस्ता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हुलो, त्याची थाळी आणि इन्सुलिन घेऊन तळमजल्यावर हजर झाली. मित्रबाबूंना समोर बसवून तिनं इंजेक्शन दिलं. हुलोनं खाताना मानही वर केली नाही.

"संध्याकाळचं तुम्ही द्यायचं," ती म्हणाली.

"माझे हात थरथरतात, दिदिमोनी." दिदिमोनी म्हणजे शाळेतल्या बाई. त्यांनीच तिचं हे नाव ठेवलं.

"थरथरू देत. कोपर टेबलावर टेकवलं की हात स्थिर होतो. भाला फेकायला शिकवलाय मी, सुई कितीशी." तिनं पिशवीतून एक संत्रं काढलं आणि मिठाचं पाणी भरलेली सिरिंज त्यांच्या हातात दिली.

त्या आठवड्यात मित्रबाबूंनी इतकी संत्री टोचली की रोज एवढी संत्री कशाला, असं वॉचमनला विचारावंसं वाटलं. मग एका संध्याकाळी त्यांनी कोपर टेकवलं, कातडी चिमटीत धरली आणि हुलोला इंजेक्शन दिलं. काम झाल्यावर ते खुर्चीत मागे रेलून बसले आणि म्हणाले, "आता चहा तुम्ही करा."

संदेश बंद झाले आणि साखर उतरू लागली. हुलोच्या अंगावर मांस धरलं, केसांना चमक आली. पावसाळा सरेपर्यंत एक टाच जमिनीवरून सुटली, मग दुसरी. दुर्गापूजेच्या ढाकांना, त्या मोठ्या ढोलांना, घाबरून तो धूम पळाला तेव्हा शकुन भान विसरून त्याचे पायच बघत राहिली. चारही पाय पंजांवर, लयीत, जसे पडायला हवेत तसे पडत होते.

पूजा संपून थंडी पडायला लागली तेव्हा एके दिवशी मित्रबाबूंचा फोन आला. संध्याकाळच्या इंजेक्शनची वेळ झाली होती. "हुलो खात नाही. दारू प्याल्यासारखा चालतो. आधी सुई देऊन टाकू का?"

"सुई खाली ठेवा. आलेच मी."

मीटर घेऊन ती दोन-दोन पायऱ्या उतरत आली. हुलो कॉटखाली एका अंगावर कलंडला होता. नजर हरवलेली, तोंडातून लाळ, पुढचा पंजा मधूनच झटके देत होता. शकुननं त्याला ओढून मांडीवर घेतलं, कानाला टोचलं आणि मीटरकडे पाहिलं. साखर पार तळाला गेली होती.

"काल माझ्या हातून जास्त गेलं का?" मित्रबाबूंनी विचारलं.

"ते नंतर. घरात मध आहे?"

"झोला गूड आहे." खजुराचा पातळ गूळ, काकवीसारखा. हंगामातला नवाकोरा, त्यांनी कालच आणलेला.

"तोच द्या."

तिनं बोट बुडवून गूळ हुलोच्या हिरड्यांवर चोळला. घशात ओतला नाही, ठसका लागेल म्हणून. थांबली, पुन्हा चोळला. तिचा हात स्थिर होता. "डॉक्टरांना फोन लावा," ती म्हणाली, "आणि स्पीकरवर ठेवा."

डॉक्टरांचा फोन लागेपर्यंत पंजाचे झटके थांबले होते. थोड्या वेळानं हुलोनं स्वतःहून तिचं बोट चाटलं, मग मान उचलून घोगरं म्याव केलं. डॉक्टरांनी खायला घाला आणि ताबडतोब घेऊन या म्हणून सांगितलं. दिगंबरराव ऑफिसातून नुकतेच येत होते, ते आल्या टॅक्सीनंच सगळ्यांना घेऊन निघाले.

"कोणाचीही चूक नाही," तपासून झाल्यावर डॉक्टर सेनगुप्ता म्हणाल्या. "याचं शरीर स्वतःच इन्सुलिन बनवायला लागलंय, म्हणून नेहमीचा डोस जास्त झाला. मांजरांमध्ये असं होतं कधी कधी. आता आपण हळूहळू कमी करत जाऊ. आणि ती सुई तुम्ही दिली नाहीत ते फार बरं केलंत."

"मी देणार होतो," मित्रबाबू म्हणाले.

"पण तुम्ही आधी विचारलंत," शकुन म्हणाली.

डोस उतरत उतरत शेवटी थांबला. साखर मात्र नियमित बघायची, कारण आजार परत येऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि मग, ठरल्याप्रमाणे, दिगंबररावांची नागपूरला बदली झाली.

हुलोला नेण्याचा विचार शकुननं केला नाही असं नाही. बास्केटही काढून ठेवली होती. पण तो आताशा रात्री तळमजल्यावरच झोपायचा, सकाळी वर येऊन हजेरी लावायचा आणि परत जायचा. मित्रबाबू तिच्या नजरेला नजर द्यायचं टाळू लागले. एका सकाळी शकुननं थाळी, मीटर, सगळं सामान खाली नेऊन त्यांच्या टेबलावर मांडलं.

"तो तुमचा आहे, तुमच्याकडेच राहील. पण मी बसते, तुम्ही मला सगळं करून दाखवा. मी तोंड उघडणार नाही."

ती हाताची घडी घालून बसली. मित्रबाबूंनी कोपर टेकवलं, कानाला टोचलं, आकडा वाचला, थाळी भरली. एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. शकुन म्हणाली, "पास." मग पटकन उठून हुलोला उगाचच जोरात कुरवाळलं आणि वर सामान बांधायला गेली.

नागपूरहून तिनं मुद्दामच फोन केला नाही. मैदानावर उतरलेल्या मुलीला बाहेरून ओरडून शिकवू नये, असं ती नेहमी म्हणायची. उन्हाळा तोंडावर आला असताना मित्रबाबूंचाच फोन आला.

"दिदिमोनी, साखर पुन्हा वाढायला लागली होती. पाणी जास्त प्यायला लागला तेव्हाच माझ्या लक्षात आलं. डॉक्टरांकडे नेला, परवापासून इन्सुलिन सुरू केलंय, लहान डोस. पाय ठीक आहेत. तुम्हाला विचारत नाहीये, सांगतोय."

"आज सकाळचा आकडा?" शकुननं विचारलं.

त्यांनी सांगितला. तो चांगला होता.

"आता ठेवतो," मित्रबाबू म्हणाले. "त्याच्या जेवणाची वेळ झाली."