इफाचा रांजण

खर्ड्याच्या किल्ल्याच्या अंगाला कुंभारवाडा आहे. त्या दुष्काळाच्या सालात तिथली चाकं भिंतीला टेकवून ठेवली होती. प्यायलाच पाणी नाही, तर माती कशात भिजवायची? माणसं सकाळी रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या, लालसर भाकरी फडक्यात बांधून खडी फोडायला जायची आणि दिवेलागणीला पांढरी होऊन परतायची. अशा दिवसांत कुणी मडकी बघायला येईल, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि आली ती थेट नायजेरियातून आली. जामखेडच्या एसटीतून उतरली, खांद्याला पिशवी, डोक्याला फडकं, आणि विचारू लागली, "मनकर्णाबाईंचं घर कुठं आहे?"

इफेओमा तिचं नाव. वर्षभर पुण्यात राहून ती मराठी शिकली होती. बोलायची पुस्तकातलं, पण बोलायची गोड.

तिची आई कुंभारीण होती. तिच्या मुलखात मडकी बायकाच घडवतात, आणि त्या चाक वापरत नाहीत. मडकं जागेवर बसतं आणि बाई त्याच्याभोवती फिरते. आईच्या पाठीमागं, तिचं नेसणं धरून धरून, इफेओमा चालायला शिकली ती अशी, गोल गोल. पुढं मिशनच्या शाळेत गेली, सरकारी भट्टीवर मडक्यांना काचेसारखी लकाकी चढवायला शिकली, विलायतेला गेली. तिचे घट तिथल्या मोठ्या दालनांत मांडले गेले, लोक टाचा उंचावून बघत राहिले. पण तिचा जीव रमला तो म्हाताऱ्या कुंभारणींच्या अंगणात. गावोगाव हिंडून तिनं त्यांच्या हातची मडकी जमवली, त्यांवर लिहिलं, आणि विद्यापीठातली एक अख्खी खोली भरली. पहिल्या फळीवर आईचा रांजण होता.

मग तिकडं युद्ध पेटलं. इफेओमा तेव्हा विलायतेत होती, नव्या प्रदर्शनाच्या तयारीत. येते येते म्हणेतो वाटा बंद झाल्या. आई निर्वासितांच्या छावणीत अन्नावाचून गेली. ती कधी गेली, कुणाच्या मांडीवर गेली, हे सांगायलाही कुणी उरलं नाही. आणि त्या खोलीतली मडकी शिपायांनी ओळीनं मांडून नेमबाजीला वापरली. युद्ध सरल्यावर इफेओमानं दार उघडलं, तर घोट्यापर्यंत खापरंच खापरं. आईच्या हातचं कोणतं आणि दुसरीचं कोणतं, तेही कळेना.

त्या रिकाम्या फळीवर ठेवायला एक रांजण, तोही भोवती फिरून घडवलेला, एवढ्यासाठी ती खर्ड्याला आली होती. कारण पुण्यात कुणीतरी सांगितलं होतं, तिकडची मनकर्णा चाकाला हात न लावता कमरेएवढा रांजण उभा करते.

मनकर्णाबाई दारातच बसली होती. साठीची, काटक, हातांना जुन्या मातीचा रंग. तिनं पाहुणीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आमच्याच मातीची दिसतीस की," म्हातारी म्हणाली. "जरा जास्त भाजली एवढंच."

इफेओमा म्हणाली, "मी नीट भाजलेय, मावशी. तुम्हीच कच्च्या काढलेल्या दिसता."

म्हातारीला हसता हसता ठसका लागला. सून गोजरबाई आतून पाणी घेऊन आली, तर तिला म्हणाली, "गोजे, हिला ओसरीवर वाकळ टाक. ही राहनार हाय."

आणि ती राहिली. म्हातारीनं तिला इफा म्हणायला सुरुवात केली, तेच नाव कुंभारवाड्यात रुजलं. इफा गोजरबाईबरोबर टँकरच्या रांगेत उभी राहायची, चुलीपुढं बसून भाकरी वाकड्या करायची. रांजणाचं मात्र नाव काढायला तिची जीभ रेटेना. पाण्याची तर ही गत. शेवटी तिनं एका संध्याकाळी खोलीची, फळीची, आईची सगळी गोष्ट सांगितली.  दुसऱ्या दिवसापासून म्हातारीनं अंघोळ सोडली. आपल्या वाट्याचं तांब्या तांब्या पाणी ती एका घमेल्यात जमवू लागली.

गोजरबाईच्या ते ध्यानात आलं. "आत्याबाई, पोरांच्या घशाला कोरड अन् तुमी माती भिजिवताय?"

"माज्या अंगुळीचं हाय. तुज्या पोरांच्या तोंडचं न्हाई घेतलं."

"माणसाला वास यायला लागला तुमचा."

"मंग लांब बस."

माती भिजली, लीद मिसळली, तुडवली गेली. मनकर्णाबाईनं अंगणात उथळ खड्डा करून रांजणाचं बूड बसवलं आणि त्याच्यावर मातीचे वळे चढवू लागली. आतून गुळगुळीत धोंडा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्यानं थापायचं आणि पाऊल पाऊल मागं सरकत भोवती फिरायचं. इफा टिपणं घ्यायला बसली होती. पण कमरेत वाकलेली ती पाठ, ते मागं सरकणारे पाय बघून तिच्या हातातला पेन्सिलीचा तुकडा तसाच राहिला. कितीतरी वर्षांनी ती पाठ तिच्यासमोर फिरत होती. म्हातारी थापटण्याच्या ठेक्यावर गुणगुणत होती,

"थापिते रांजन, फिरते मी भवताली,
लेक परमुलखाची, तिची तहान मला आली."

"हे कुणाचं गाणं, मावशी?"

"कुनाचं असायचंय? त्वांडात आलं ते म्हनलं."

रांजण सावलीत वाळला. गोवऱ्या आणि उसाचं पाचट रचून म्हातारीनं तो एकटाच भाजला. निघाला तो तांबडा, एका कुशीला धुराचा काळा डाग पडलेला. इफानं त्याला कान लावला, बोटानं वाजवलं, आणि दोन्ही हातांनी धरून बसली.

नेमकं त्याच आठवड्यात तिला दिल्लीचं बोलावणं होतं. देशोदेशीचे मडक्यांचे जाणकार जमणार होते, तिला मुख्य भाषण करायचं होतं, आणि त्यावर तिच्या विद्यापीठातल्या मोठ्या पदाचं ठरणार होतं. म्हातारीला दोन दिवस कणकण होती.

"जा गं. ताप काय, येतो अन् जातो," ती म्हणाली. "रांजन संगं ने."

इथं इफाची चूक झाली. अडाणीपणानं नाही, उलट जाणतेपणानं झाली. कोरं मडकं तिला अनाथ वाटायचं. ज्यात कुणी हात बुडवला नाही, ज्याच्या अंगाला कुणाच्या घरचं पाणी पाझरलं नाही, ते मडकं फळीवर मांडण्यात काय अर्थ, असं तिनं आपल्या लिखाणातही ठासून मांडलं होतं.

"नको मावशी. तुम्ही यात पाणी भरा. घरानं प्यावं. मी आले की नेईन."

 म्हातारी म्हणाली, "कोराच ने, इफा. वापरलेलं मडकं घराच्या सुखदुख्खात सापडतं."

"म्हणूनच तर," इफा म्हणाली, आणि तिनं म्हातारीचा हात गालाला लावला.

दिल्लीत भाषण झालं. म्हातारीचं ते वाक्य तिनं तिथं सांगितलं, तेव्हा टाळ्या थांबेनात. पद मिळाल्यातच जमा होतं. दोन ठिकाणी आणखी बोलावणं आलं, तिथंही ती जाऊन आली.

खर्ड्याला उतरली तेव्हा ऊन चढलं होतं. आसाराम, म्हातारीचा मुलगा, ओसरीवर बसला होता. त्याचं डोकं भादरलेलं होतं. इफानं ते पाहिलं आणि पिशवी खाली ठेवायची विसरली.

"आई गेली, ताई," तो म्हणाला. "काल दहावा झाला."

घर सारवलेलं होतं. पाण्याच्या जागी पत्र्याचा एक डबा होता. इफाची नजर तिथं थांबलेली गोजरबाईनं पाहिली आणि पदर खोचून ती बाहेर निघाली. "या माज्यासंगं."

गावाबाहेर ओढ्याच्या कोरड्या काठाला खापरांचा ढीग होता. त्यात तांबडी खापरं होती, एकावर धुराचा काळा डाग.

"सुतकातलं मडकं घरात ठिवत न्हाईत, ताई. पान्याची समदी मडकी फोडावी लागत्यात. कोरी ऱ्हात्यात. इकायला ठिवलेली तशीच हायेत बघा, पडवीत. त्यांना कुनी हात लावला न्हाई."

इफा त्या काळ्या डागाकडं बघत राहिली.

"आत्याबाईला कळलं हुतं. आदल्या दिशी सारखं म्हनायच्या, इफाचा रांजन भायेर काढा, मी हाय तवर काढा. ह्यांना वाटलं, तापात बडबडत्यात. मला उमगलं हुतं, ताई. खोटं कशाला बोलू? पर त्याच सकाळी टँकर आल्ता. रांजन गच्च भरलेला. भरलेला रांजन चौघांना हलत न्हाई. अन् उपसू तर वतू कशात? घरातली वाटी न् वाटी भरली हुती. पानी कसं वतून देऊ मी, पोरांच्या डोळ्यांदेखत?"

तिनं तोंडावरून पदर फिरवला.

"अन् मंग वतलंच की. त्या गेल्या, अन् भावकीतल्यांनी रांजन आडवा केला. समदं पानी. जमिनीनं घटकाभरात पिऊन टाकलं."

"शेवटी काय प्यायल्या त्या?" इफानं विचारलं. 

"त्यातलंच. माज्या मांडीवर डोकं हुतं. मी चमच्यानं घालत हुते."

इफा खाली बसली. सवयीनं तिचा हात पुढं झाला आणि तिनं काठाचं एक खापर उचललं. आतल्या अंगाला धोंड्याचे ठसे होते, एकाशेजारी एक, फिरत गेलेले. तिचा अंगठा त्यांच्यावरून फिरू लागला.

"ताई, ते घरला न्यायचं नसतं," गोजरबाई हळूच म्हणाली.

आयुष्यभर खापरं वेचून ज्या बाईनं नाव मिळवलं, तिनं ते खापर होतं तिथं, होतं तसं ठेवलं. मग तिला रडू फुटलं. त्या रडण्यात दोन म्हाताऱ्या होत्या, आणि एकीला तर पाणी द्यायलाही कुणी नव्हतं.

खडीच्या कामावरची हजेरी केव्हाच होऊन गेली होती, आजचा रोज बुडाला होता. गोजरबाई तिच्याशेजारी धुळीत बसून राहिली.