लाल दोरा आणि मेंदूचा फोटो

थोंग्यंग बंदरातल्या मच्छीमारांच्या सभागृहात त्या दुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर अर्धांगवायूचे रुग्ण ओळीने बसलेले, आणि पांढऱ्या झग्यातले, छातीपर्यंत दाढी आलेले सानबोंग गुरुजी गर्जत होते, "तीस वर्षं डोंगरात तप केलं! या गावात मी कुणाला ओळखत नाही, ओळखतो फक्त नाड्या! चाळीस दिवसांपूर्वी ज्यांना लाल दोरा बांधला, त्यांनी उघडा मुठी!"

एकोणीस दोऱ्यांपैकी अठरा मुठी उघडल्या. बायका हुंदके देऊ लागल्या. एकोणिसाव्याला गुरुजींनी झापलं, "तू सोजूची दारू ढोसणं सोडलं नाहीस!" लोक त्यालाच हसले.

मला तिथे ओढून आणलं होतं सनोकनं. तिची आई, बुन्ने मावशी, तीस वर्षं कालवं फोडायला जायची. वसंतात अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. मी तिचा डॉक्टर. मावशी आमच्या शेजारीच बसली होती, तिच्या मनगटाला दोरा नव्हता. "आईच्या मुठीत लेकीच्या मनाची गाठ आहे," असं सांगून गुरुजींनी सनोकला रोज हजार दंडवत लावून दिले होते. त्या नादात इस्पितळातला व्यायाम बंद पडला आणि पोरीचे गुडघे सुजले.

"डॉक्टरसाहेब, आणखी काय पाप केलंय हो मी?" तिनं विचारलं.

मी त्या चिकटवलेल्या दाढीवरच्या डोळ्यांकडे बघत होतो. हा ग्वांगसूदादा होता! शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे.

वसंतापासून दर गुरुवारी तो जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे यायचा, हातात किंबापच्या भाताच्या गुंडाळ्या आणि लॅपटॉप. पडद्यावर मेंदूचे फोटो, नावांवर चिकटपट्टी. "वृद्धाश्रमासाठी माणसं निवडायचीत रे. हात परत हलेल की नाही, एवढंच सांग." आमच्याकडे शाळेतल्या मोठ्याला नाही म्हणायची पद्धत नाही. मी तोंडात घास ठेवून सांगायचो, "हा हलेल. हा नाही." एकदाही विचारलं नाही, की हे फोटो येतात कुठून. आता कळलं. इस्पितळ घरच्यांना फोटोंची सीडी, म्हणजे तबकडी, देतं, आणि सनोकनं सांगितलेला गुरुजींचा नियम असा, की ती एक दिवस त्यांच्या वेदीवर ठेवायची.

सनोक तिथेच दंडवत घालायला वाकली. खरं सांगतो, तरीही मी आधी माझ्या नोकरीचाच विचार केला. तिसऱ्या दंडवताला ती कण्हली, तेव्हा कुठे उठलो.

"दादा, दोरा बांधायच्या आधी फोटो कुणाला दाखवत होतास?"

"ए सांगहो! खाली बस! धाकट्यानं मोठ्याला असं विचारायचं?"

मागून एक बाई म्हणाली, "अगं बाई, डोंगरातल्या गुरुजींना डॉक्टरांचं नाव बरं ठाऊक!"

मी सनोकच्या पिशवीतली तबकडी मागितली आणि सभागृहाच्या पडद्यावर फोटो लावला. "मेंदूतून हाताकडे हुकूम नेणारी ही वाट. ती शाबूत असली तर व्यायामानं हात बहुधा परत येतो. तुटली असली तर बहुधा येत नाही. हे झटक्यानंतर थोड्याच दिवसांत फोटोत दिसतं. यांनी नाडी ओळखली नाही. मी फोटो बघून सांगितलं, त्यांनी दोरे बांधले. एकोणिसावा माझा चुकलेला अंदाज. त्यात सोजूचा काही दोष नाही."

व्यासपीठावरच्या ओळीतला म्हातारा कोळी आपल्या हाताकडे बघत राहिला. "म्हणजे हा व्यायामानं आला? मग मी याला टोपलीभर खेकडे कशापायी दिले?"

लोक उठले. दादा मागच्या दाराकडे सरकला, पण दारात तो एकोणिसावा उभा होता.

"आणि सनोक, तुझं काही पाप नाही. आईची वाट झटक्यानं तुटली. लाख दंडवत घातलेस तरी जुळायची नाही." सनोक जमिनीवरच बसली आणि गुडघ्यांवर हात ठेवून रडली.

बुन्ने मावशी अडखळत बोलली, "तुला... वसंतातच माहीत होतं?"

"हो, मावशी."

"त्या चोराला सांगितलंस. मला म्हणालास, प्रयत्न करत राहा."

तेव्हा माझ्याकडे तिच्यासाठी तीन मिनिटं होती, बाहेर रांग होती आणि वाईट बातमी सांगायला जीभ रेटत नव्हती. दादाला पोलिसांनी नेलं. माझ्याविरुद्धचा अर्ज मीच लिहून इस्पितळात दिला.

म्हणून सांगतो, आजार कळायला दोरा लागत नाही, दंडवत लागत नाहीत. कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, याला हे आधी कुठून कळलं? आणि डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाला तर फोटो समोर ठेवायला लावा, खरं काय ते सांगितल्याशिवाय उठू नका. तुमचा डॉक्टर माझ्यासारखा असेल, तर नक्कीच उठू नका.

थंडी पडली. मावशी आता डाव्या हातानं सुरी धरायला शिकतेय. परवा तिनं पहिलं कालव फोडलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"खा," ती म्हणाली. "तेव्हाच सांगितलं असतंस, तर हे मी उन्हाळ्यातच फोडलं असतं."