गजीतला रुमाल

"ह्यो माझा मालक न्हाई!"

म्हाळसाबाईने मोबाईल नवनाथच्या फोटो स्टुडिओतल्या काउंटरवर असा आपटला की त्याने आधी काच फुटली का ते पाहिलं. सकाळच्या एसटीने ती बोरी बुद्रुकहून जुन्नरला आली होती, आणि राग वाटेत कुठेही उतरला नव्हता. मागे तिचा मुलगा दादाभाऊ, मान खाली घालून उभा.

मोबाईलवर दादाभाऊच्याच लग्नाची वरात चालली होती. नवनाथनेच ती शूट केली होती. ढोल वाजताच म्हस्कू, नवरदेवाचा बाप असूनही, दोन्ही हातांत रुमाल घेऊन गजी नाचाच्या रिंगणात उतरला होता आणि व्याही बघतच राहिले होते. यंदा चैत्रात म्हस्कू गेला. काल नातीने आजोबांचा नाच बघायचा हट्ट धरला म्हणून घरात हे लावलं, आणि म्हाळसाबाईचं डोकं फिरलं. म्हस्कू उभा असला की धड दिसायचा. हात हलला की त्याच्या आडव्या चिंध्या व्हायच्या.

"टीव्हीवर कसं झ्याक दिसायचं! आता काय झालं त्याला?"

"मावशी, माझा जुना कॅमेरा येक चित्र दोन खेपंला घ्यायचा," नवनाथ म्हणाला. "आधी येकाआड येक आडव्या वळी, मंग मधल्या. जुना टीव्ही त्या तशाच पाठोपाठ दाखवायचा. मोबाईल दोन्ही येकदम दाखवतो. तेवढ्यात म्हस्कूमामांचा हात पुढं गेलेला असतो, म्हणून फाटतो. कॉपी करताना दोन्ही अर्धं जुळवावं लागतं."

"मंग जुळव की!"

"ज्यानं कॉपी केली त्यानं न जुळवताच चित्र बारीक केलंय. सगळ्या वळी येकमेकीत कालवल्यात. आता सुट्या व्हत न्हाईत. मूळ डीव्हीडी पायजे."

"आन् तुझी फीत?"

नवनाथ चाचरला. "तिच्यावर पुढची लग्नं घेतली, मावशी. तवा सगळेच तसं करायचे."

"सगळेच! माझा मालक पुसून दुसऱ्याची नवरी काढली व्हय? आन् दाद्या, तुझी वाचा का बसली? डीव्हीडी कुठंय?"

दादाभाऊ दाराकडे बघत म्हणाला, "बाजरीत."

"कुठं?"

"कॉपी करणारा मोबाईलवाला म्हणला, मोबाईलमधी सगळं आलं. प्लेयर तर कवाच बिघडला व्हता. मंग पाखरांसाठी टांगली. उन्हात लई चमकती."

म्हाळसाबाई गर्रकन त्याच्याकडे वळली. "चार कणसांपायी बापाला दोरीला टांगलास?"

"आये, मला काय ठावं..."

"इचारायला तोंड नव्हतं?"

नवनाथ मध्ये पडला. "या वळी पुसून गुळगुळीत करता येतील. पण हात धुरकट व्हईल. रुमाल तर दिसायचाच न्हाई."

"त्याच्या हाताला हात लावायचा न्हाई!"

शेवटी नवनाथ मोटरसायकल काढून दोघांच्या मागोमाग बोरीला आला. बाजरी भरात होती. बांधाजवळच्या काठीला डीव्हीडी गरागरा फिरत होती. नवनाथने ती सोडून उजेडात धरली. चित्र साठवणारी जांभळी झाक पार उडाली होती आणि आरपार पलीकडची कणसं दिसत होती.

"ऊन खाऊन गेलं, मावशी," तो हळूच म्हणाला. "आता यातनं काय निघायचं न्हाई."

तिने डीव्हीडी त्याच्या हातून हिसकावली, पदराने पुसली आणि पोटाशी धरून बांधावर बसली. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते, आणि तिचा माणूस मात्र हातचा गेला होता.

काठीवरची चमक गेली तशी पाखरं उतरली. अख्खा थवा कणसांवर बसला. गोफण घरी राहिलेली. दादाभाऊने खांद्यावरचा पंचा ओढला आणि तो डोक्यावर फिरवत बाजरीत धावला. हात वर गेला, मनगट वळलं, पंचा गजीतल्या रुमालासारखा गोल फिरून खाली आला आणि पुन्हा वर गेला.

म्हाळसाबाई ताडकन उभी राहिली. हात कुठेही फाटत नव्हता.

थवा उडाला. दादाभाऊ धापा टाकत थांबला.

"थांबलास का रं?" ती ओरडली.

"गेली की पाखरं, आये."

"हालव म्हणते ना!"