रिकाम्या गादीचा श्वास

मित्रांनो, मला हात लावायचा असेल तर जपून लावा. मी तापलेला असतो. आजारी नाही, रागावलेलाही नाही. माझं कामच तसं आहे. मी एक जुना व्होल्टेज रेग्युलेटर. नखाएवढं काळं अंग, पाठीला पत्रा आणि खाली तीन पाय. म्हणून आमच्या वहिनी मला 'तिपाई' म्हणतात.

माझ्या जन्माची मला एकच आठवण आहे आणि ती भीतीची आहे. एक पट्टा सरकत होता. त्यावर आम्ही सगळे भाऊ ओळीनं निजलो होतो. वरून एक सुई यायची, पायांना टोचून परीक्षा घ्यायची आणि नापास झालेला बाजूच्या डब्यात पडायचा. टक्. थोड्या वेळानं पुन्हा टक्. मी पास झालो, पण तो आवाज अंगातून गेला नाही. आजही माझ्याजवळ कुणाचं बोट आलं की मला तो ऐकू येतो.

पुढे मी एका लहानशा कारखान्यात आलो. कारखाना म्हणजे एक खोली, दोन टेबलं, खिडकीशी कुरकुरणारा पंखा आणि सोल्डरचा वास. वहिनी यंत्रं जुळवायच्या आणि त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, सामान आणायचे, सोल्डर वितळवून जोडांना डाग द्यायचे, डबे बंद करायचे. ही यंत्रं जवळच्या दवाखान्यात जायची. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी.

ती बाळं इतकी लहान असतात, मित्रांनो, की कधीकधी श्वास घ्यायलाच विसरतात. म्हणून त्यांच्या गादीखाली एक पातळ पट्टी ठेवतात. बाळानं श्वास घेतला की गादी केसभर हलते, पट्टीतून विजेची बारीकशी हाक निघते, यंत्र ती मोठी करतं आणि पडद्यावर हिरवी लाट उठते. लाट थांबली की यंत्र ओरडतं. सिस्टर धावतात, तळपायाला टिचकी मारतात, बाळ रडतं आणि पुन्हा श्वास सुरू होतो.

या सगळ्यात मी कुठे? तर विजेच्या वाटेवर. डब्यात येणारी वीज कधी उसळते, कधी खचते. एवढी बारीक हाक ऐकायची असेल तर ऐकणाऱ्याच्या कानाशी गोंगाट चालत नाही. मी मध्ये उभा राहतो, जास्तीचं स्वतः सोसतो आणि पुढे अगदी एकसारखी, न थरथरणारी वीज देतो. जे सोसतो ते अंगातून उष्णता होऊन निघून जातं. वहिनी कौतुकानं म्हणायच्या, "आमची तिपाई कशी, घरात आहे की नाही कळतसुद्धा नाही."

कौतुक फार दिवस पुरत नाही. एकदा यंत्र तपासणीला आलं, तेव्हा भाऊजींनी डब्यावर हात ठेवला आणि झटकन उचलला.

"वहिनी, ही तिपाई आहे की शेगडी? डब्यावर चहा होईल."

"हो ना. वीज गेली की बॅटरीही हिच्यापायी लवकर बसते म्हणे. बदलूया. पण भाऊजी, शांत बघून आणा हं. एकदम शांत."

"म्हणजे तुमच्या दिरासारखा?"

"दिरासारखा नको. तुमच्या घोरण्याची कीर्ती आली आहे माझ्या कानावर."

दोघंही हसले. मी मात्र गार पडलो. शांत म्हणजे काय, हे वहिनींना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. भाऊजींना ठाऊक होतं का?

तेवढ्यात फोन वाजला. भाऊजींच्या बायकोला दवाखान्यात नेलं होतं, दिवस भरायच्या आधीच. वहिनी हातातलं टाकून धावल्या. भाऊजी कुलूप घालून निघणार, तोच वहिनींचा निरोप आला: मुलगी झाली आहे, खूप लहान आहे, दवाखान्यातली सगळी यंत्रं गुंतली आहेत, ते तपासणीचं यंत्र लगेच घेऊन या.

लेकीच्या उशाशी शेगडी नको, म्हणून भाऊजींनी मला बोर्डावरून उपटलं. नमुना म्हणून खिशात टाकलं आणि दुकान गाठलं.

"शांत हवाय," ते धापा टाकत म्हणाले.

"शांत म्हणजे?" दुकानदारानं विचारलं.

"म्हणजे... तापत नाही असा."

"मग हा न्या. दिवसभर चालवा, बर्फ!"

मित्रांनो, तिथेच घात झाला. आपल्या भाषेत शांत माणूस आणि थंड डोक्याचा माणूस एकच. भाऊजींनी तेच धरलं. पण आमच्या जातीत थंड वेगळा आणि शांत वेगळा. तो नवा थंड होता, कारण तो काही सोसत नव्हता. वीज चालू-बंद, चालू-बंद करत तो भराभर तुकडे पुढे ढकलायचा. मोटार फिरवायला, दिवा लावायला उत्तम गडी! पण काम हलकं असलं की त्याला डुलकी लागायची. मग दचकून उठायचा, दोन धक्के द्यायचा, पुन्हा डुलकी. डुलकी, दचक, डुलकी, दचक. कारखान्यात परतून भाऊजींनी त्याला माझ्या जागी डाग दिला आणि वीज सोडली, तेव्हा त्याच्या पायांतली ती धुसफुस मला खिशातूनही लख्ख कळत होती. ती कशासारखी वाटते हेही कळत होतं. श्वासासारखी.

मी जीव तोडून ओरडलो. पण बोर्डावरून उपटलेल्या रेग्युलेटरला आवाज कुठला?

भाऊजी पट्टीवर गादी टाकून स्वतःच आडवे झाले. एवढा दांडगा माणूस, त्याच्या श्वासाची लाट पडद्यावर डोंगराएवढी उठली. त्या डोंगरामागे ती बारीक धुसफुस कुणाला दिसणार? भाऊजी उठले, डब्याला हात लावला, म्हणाले, "वा, गारेगार!" आणि निघाले. मी अजून त्यांच्या खिशातच होतो.

दवाखान्यातली ती खोली उबदार होती. काचेच्या पेटीत बाळ निजलं होतं. नाव अजून ठेवलेलं नव्हतं. सिस्टर तिला मुंगीबाई म्हणत होत्या. यंत्र जोडलं. हिरवी लाट उठली, सारखी, सुबक, एकीसारखी दुसरी.

"काय ताल धरलाय लेकीनं!" भाऊजी म्हणाले. त्यांचं काळीज माझ्या शेजारीच धडधडत होतं. मी त्याला टेकून थरथरत होतो. ती लाट लेकीची नव्हती हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. आता तिनं श्वास सोडला आणि घेतलाच नाही तर? यंत्र ओरडणार नाही. पडदा हसतच राहील. सगळे पडद्याकडेच बघत राहतील.

वहिनी आत आल्या. त्यांनी आधी बाळाकडे पाहिलं, मग लाटेकडे, मग डब्यावर बोट टेकवलं.

"गार आहे."

"तुम्ही सांगितला तसाच आणला, शांत!"

वहिनी पुन्हा लाटेकडे पाहू लागल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

तेवढ्यात सिस्टर आल्या. "चला मुंगीबाई, वजन करू." त्यांनी दोन्ही तळव्यांवर बाळाला अलगद उचललं आणि काट्याकडे वळल्या.

लाट चालूच राहिली.

भाऊजी पडद्याकडे पाहून हसत होते. मग ते हसू तसंच तोंडावर थिजलं. खिशात मला त्यांच्या काळजाचा एक ठोका चुकलेला कळला.

"वहिनी... बाळ तर सिस्टरांच्या हातात आहे."

"हो."

"मग हे श्वास कोण घेतंय?"

रिकामी गादी. मित्रांनो, त्या दुपारच्या लख्ख उजेडात रिकामी गादी संथपणे श्वास घेत होती.

"सिस्टर, बाळावरचा हात काढू नका," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "हे यंत्र थापा मारतंय. दुसरं मिळेल का?"

"एकही मोकळं नाही हो. पण मी हलत नाही इथून." सिस्टरांनी बाळाला पेटीत ठेवलं आणि दोन बोटं तिच्या पाठीवर टेकवली.

"मी शांत म्हणाले होते, भाऊजी. थंड नाही."

"मला वाटलं, एकच."

"आपल्या कामात शांत म्हणजे काय, ते मी तुम्हाला उलगडून सांगायला हवं होतं. ते नंतर बघू. जुनी तिपाई कुठे टाकलीत?"

भाऊजींचा हात छातीशी गेला. त्यांनी घाईघाईनं खिसा उलटा केला आणि मी निसटून फरशीवर पडलो. टक्. तोच आवाज! माझा एक पाय वाकला. मोडला असता तर सगळंच संपलं असतं.

खालच्या मजल्यावर दवाखान्याच्या वायरमनची खोली होती. तिथलं डाग द्यायचं अवजार तापलं. भाऊजींनी ते उचललं, पण टोक ठरेना.

"द्या इकडे. तुम्ही नुसतं धरा."

वहिनींनी माझा वाकडा पाय नखानं सरळ केला, इतका हळू, की जणू तो बाळाचाच होता. नव्याला उतरवलं, मला उभं केलं, माझ्या पायाशी माझा जोडीदार, वीज क्षणभर साठवून धरणारा कपॅसिटर, नीट आहे ना ते पाहिलं. वीज आली. मी सोसायला लागलो. अंग तापू लागलं. एवढं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि एवढी भीतीही.

वर आल्यावर वहिनींनी बाळ लगेच पट्टीवर ठेवू दिलं नाही. आधी पट्टीवर नुसतीच गादी टाकली. रेघ सपाट आली. यंत्र ठणाणा ओरडलं. एरवी त्या रेघेनं माणसांची छाती फाटते. भाऊजी मात्र ती पाहून भिंतीला टेकले आणि ढसाढसा रडले.

मग मुंगीबाईंना ठेवलं. लाट आली ती बुटकी, वेडीवाकडी, एक मोठी तर तीन लहान. सुबक मुळीच नव्हती. पण तिची होती.

सिस्टरांनी बोटं उचलली. थोडा वेळ गेला. लाट आली, आली, आणि थांबली. मी वाट पाहिली. पट्टीकडून काहीच नाही. मी जराही हललो असतो, किंचित जरी कुजबुजलो असतो, तर यंत्राला तो श्वास वाटला असता. मी जीव मुठीत धरून गप्प राहिलो.

यंत्र किंचाळलं. सिस्टर झेपावल्या. टिचकी! आणखी एक टिचकी!

मुंगीबाई रडल्या. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज, पण खोली भरून गेली.

आता त्या नव्यालाही माझ्या डब्यात जागा मिळाली आहे. वहिनींनी त्याला माझ्या पुढ्यात बसवलं: येणारी वीज आधी तो बरीचशी खाली आणतो, उरलेलं मी सोसतो आणि त्याची धुसफुस पुसून टाकतो. त्यामुळे बॅटरी पुरते आणि मी पूर्वीइतका तापतही नाही. कारखान्यातलं प्रत्येक यंत्र आता आधी रिकाम्या गादीवर तपासतात, मग माणूस आडवा होतो. दुकानात भाऊजी पहिलं विचारतात, "गप्प बसतो का ते सांगा, ताप नंतर बघू."

माझी भीती गेलेली नाही. डब्यावर कुणी हात ठेवला की वाटतं, आता म्हणेल, ही कोण शेगडी, काढा! म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो. एखादं तापलेलं दिसलं, मग ते यंत्र असो की घरातलं माणूस, तर काढून टाकण्याआधी एकदा विचारा: तू कुणासाठी तापला आहेस?